दहा कोकरांचं औषध

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल की ही कुणाची तरी अर्धवट राहिलेली बासरी आहे. तसं पुष्कळांना वाटलं. लग्नाला आलेल्या एका पाहुण्याने तर मला तोंडाला लावून फुंकूनही पाहिलं आणि मग थू थू करत चूळ भरायला पळाला. माझ्या अंगाला अजून औषधाचा कडू वास आहे. मी एक जुनी पाजायची नळी आहे. वीतभर बांबूची, एका बाजूने पेराने बंद, दुसऱ्या बाजूने तिरपी कापलेली. मेंढ्यांना, कोकरांना, कधी एखाद्या वासराला औषध पाजायचं, हे माझं काम होतं.

माझा जन्म सातपुड्याच्या पायथ्याशी, मंगा नावाच्या माणसाच्या हातून झाला. मंगा चोपड्याच्या बाजूने बांबूच्या टोपल्या घेऊन बाजाराला यायचा. झुलालचे, म्हणजे माझ्या पुढच्या मालकाचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, मेंढ्या घेऊन त्या भागात उतरले होते. आबांनी त्याला एक जुनी पण जाड घोंगडी दिली आणि मंगाने त्यांना मी दिली. देताना तो नुसता देऊन मोकळा झाला नाही. माझं तोंड विस्तवावर शेकून गुळगुळीत केलं, करडईचं तेल चोळलं आणि आबांना दोनदा बजावलं, "मान लई वर नका करू जनावराची. औषध फुफ्फुसात गेलं की गेलंच ते." असा माणूस होता तो.

माझ्या पोटाला एक बारीक भोक आहे. ते आबांनी तापलेल्या सुईने पाडलं. त्याचं कारण असं, की आबांना लिहिता वाचता येत नव्हतं, पण माप चुकलेलं खपत नव्हतं. पळसाच्या बियांची पूड ताकात कालवायची आणि माझ्यात ओतायची. भोकातून पहिला थेंब बाहेर आला की थांबायचं. एवढं म्हणजे एका कोकराचं माप. मग भोकावर अंगठा ठेवायचा आणि तिरपं तोंड कोकराच्या गालफडात सारायचं. जास्त नाही, कमी नाही. आबा म्हणायचे, "या नळीला लबाडी जमत नाही." मी ते शब्द मनात जपून ठेवले, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याचा गर्वही झाला. गर्वाचं घर खाली असतं हे कळायला मला तीस वर्षं लागली.

आबा गेले. मी झुलालच्या हाती आले आणि झुलालच्या हातून त्याच्या बायकोच्या, पुष्पाबाईच्या. खरं म्हणजे झुलालला पाजण्याचं काम कधी साधलं नाही. त्याचा हात धसमुसळा, कोकरू घाबरून माझी कड चावायचं. पुष्पाबाई कोकराला मांडीत घ्यायची, गळ्याखाली दोन बोटं फिरवायची आणि ते आपणहून तोंड उघडायचं. पारोळ्याकडच्या शेतांत त्यांचा वाडा फिरायचा. वाडा म्हणजे भिंतींचा नव्हे हं, जाळ्या लावून रात्री मेंढ्या बसवतात तो. शेतकऱ्याला लेंडीखत मिळायचं, ह्यांना धान्य मिळायचं. आजूबाजूचे लोक आपली आजारी जनावरं घेऊन पुष्पाबाईकडे यायचे. "अक्काचा हात आणि अक्काची नळी," असं म्हणायचे. मी त्या वेळी आतून किती फुगायचे ते विचारू नका.

आता भुरीबद्दल सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

ह्या लोकांत एक रीत आहे. लेकीला लग्नात माहेरची एक मेंढी द्यायची. ती मेंढी आणि तिची पुढची सगळी पिल्लावळ लेकीची. नवऱ्याने त्यावर हक्क सांगायचा नाही, सासऱ्याने विकायची नाही. पुष्पाबाई लग्न होऊन आली तेव्हा तिच्या मायने तिला एक पाठ दिली होती, पाठ म्हणजे वयात आलेली पण न व्यालेली मेंढी. माय पुढच्याच वर्षी वारली. माहेरचं दुसरं काही उरलं नाही, भाऊही नाही. त्या मेंढीची लेक, तिची लेक, असं ते रक्त पुष्पाबाईने आमच्या कळपात चालू ठेवलं. कानाच्या टोकाला भुरा ठिपका ही त्या वाणाची खूण. पण शेवटची मेंढी अशी निघाली की पाच वेतांत पाच नर. पुष्पाबाई तोंडाने बोलायची नाही, पण वेताच्या दिवसांत तिचं जेवण उडायचं. कारण तिची सारिका लग्नाची झाली होती.

परवाच्या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, आठ दिवसांनी ती म्हातारी मेंढी सहाव्यांदा व्याली आणि मादी झाली. पुष्पाबाईने आधी कानाचं टोक पाहिलं आणि मग खाली बसली. सारिका धावत आली. तिने कोकराचं अंग पुसलं, आणि नाव तिथल्या तिथे पडलं, भुरी. म्हातारी मेंढी मात्र त्या वेतातून उठली नाही. तिसऱ्या दिवशी गेली. आता हे एवढंसं पिल्लू जगवायचं कसं? बकरीचं दूध माझ्यात ओतून. दिवसातून पाच वेळा पुष्पाबाई किंवा सारिका भुरीला मांडीत घ्यायची आणि मी तिच्या तोंडात असायचे. मित्रांनो, मला आयुष्यभर जनावरांच्या तोंडात कडू तेवढंच ओतावं लागलं होतं. दूध पाजायला मिळालं ते फक्त भुरीला. ती माझी कड चोखायची, चावायची नाही.

सारिकाचं लग्न पहूरकडच्या एका मेंढपाळाच्या घरी ठरलं. तुळशीचं लग्न झालं की पहिल्या तिथीला. तोवर भुरी सहा महिन्यांची होईल, असा हिशेब मायलेकींनी बोटांवर मांडला होता.

पाऊस यंदा लांबला. श्रावण गेला, भादवा लागला, तरी वाडा हलवता येईना. चिखलात जाळ्यांचे खांब उभे राहीनात. महिना दीड महिना मेंढ्या एकाच जागी बसल्या आणि सकाळी तलावाच्या काठच्या ओल्या, कोवळ्या गवतावर चरल्या. मोठ्या मेंढ्यांनी ते सोसलं. कोकरं हगवणीला लागली. शेपट्या कायम ओल्या, लोकर हाताने ओढली तर निघून यायची. ह्याच सुमारास झुलालचा पुतण्या भिकन आपल्या मेंढ्या घेऊन आमच्या वाड्यात आला. त्याच्याकडे बारा कोकरं होती आणि बायको बाळंतपणाला गेलेली. पुष्पाबाईने त्याला तोंड उघडून काही मागायची वेळच येऊ दिली नाही. "वाडा काय माझा एकटीचा आहे?" एवढंच म्हणाली.

एका शनिवारी जनावरांच्या दवाखान्यातून दिपमाला मॅडम आल्या. तरुण बाई, पायात गुडघ्याएवढे बूट, चिखलातून सरळ वाड्यात शिरल्या. भिकन त्या वेळी आपली जनावरं घेऊन दूर चरायला गेला होता. मॅडमनी आमचं एकेक कोकरू धरलं आणि अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी उलटून पुष्पाबाईला दाखवली.

"हे बघा अक्का. आतून लाल हवं. हे पांढरं पडलंय. पोटातले जंत रक्त पितायत."

पुष्पाबाई म्हणाली, "लेंडीत भाताच्या शितांसारखे दिसतात ते?"

"ते वेगळे. ते दिसतात तरी. हे केसाएवढे बारीक असतात, आत आतड्याला चिकटलेले. तुम्हाला दिसणार नाहीत आणि कोकरू जाईल."

दहा कोकरं पांढऱ्या पापणीची निघाली. त्यांत भुरी होती. मॅडमजवळ जंतांच्या औषधाची एक बाटली शिल्लक होती. त्यांनी एक प्लास्टिकची रेघांची पिचकारीही दिली आणि नीट समजावून सांगितलं. कोकराचं वजन पाहा, त्या मानाने या रेघेपर्यंत भरा, ही बाटली या दहांनाच पुरेल, पूर्ण पाजा. पुतण्याच्या कोकरांसाठी सोमवारी दवाखान्यात माणूस पाठवा, मी बाजूला काढून ठेवते. वाडाही वरच्या कोरड्या माळावर हलवा. झुलालने मान डोलावली, पुष्पाबाईने मान डोलावली. मी तिथेच खांबाला अडकवलेली होते. मी शब्दन् शब्द ऐकला.

तिन्हीसांजेला भिकन परत आला. त्याने काही मागितलं नाही, पण त्याची कोकरं वाड्यात शिरली ती पाय ओढत. पुष्पाबाईने एकाची पापणी उलटली. पांढरी. दुसऱ्याची उलटली, तीही पांढरी. तिने बाटली उजेडाकडे धरून आत किती आहे ते पाहिलं. मग झुलालला म्हणाली, "भिकनना पिल्लासनी काय पाप करं? आपली पिल्लं पितीन आणि त्याची तोंडाकडे पाहत राहतीन का?"

झुलाल म्हणाला, "सोमवारी आणतोच ना मी."

"दोन दिवसांत काय होतं ते कोणी पाहिलंय? वाटी खादं ते पुरस."

वाटून खाल्लं तर पुरतं. ही तिच्या मायची शिकवण. पन्नास वर्षांत तिला त्या शिकवणीने एकदाही फसवलं नव्हतं. चार पाहुणे अचानक आले की आमटीत तांब्याभर पाणी घालायचं आणि चुलीवर पुन्हा एक उकळी आणायची, कोणी उपाशी उठत नाही. तिने औषध कळशीतल्या पाण्यात घालून वाढवलं. दहांचं बावीसांना पुरेल एवढं केलं. आणि ती प्लास्टिकची पिचकारी बाजूला ठेवून मला हातात घेतलं. "ह्या नळीची पिल्लांना सवय शे," म्हणाली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली लाजेची गोष्ट मी तुमच्यापासून लपवत नाही. त्या क्षणी मला आनंद झाला. ती गुळगुळीत, रेघा रेघांची पिचकारी आल्यापासून मला वाटत होतं, की आता माझे दिवस भरले. आणि पुष्पाबाईने तिला सोडून मला उचललं. मी बावीस वेळा भरले, बावीस वेळा भोकातून थेंब आला, बावीस वेळा तिने अंगठा ठेवला. एकाच्याही तोंडून थेंब सांडला नाही. भुरीने तर शेवटी माझी कड चाटली. सगळ्यांना वाटलं माप पुरं गेलं, कारण माझं माप भरलेलं होतं. त्या मापात औषध किती आणि पाणी किती, हे मला ठाऊक होतं. पण बांबूला तोंड असतं ते दुसऱ्याच्या तोंडात जाण्यापुरतं.

सोमवार उजाडला. भिकनने विचारलं, "नाना, दवाखान्यात जाणं शे ना?" झुलाल म्हणाला, "बठ्ठासले पाजी टाकं आते. कसाले चक्कर मारू?" त्या दिवशी पाऊस जोरात होता आणि नाल्याला पाणी होतं. तरी जाता आलं असतं. मी हे राग म्हणून सांगत नाही. झुलाल आळशी माणूस नाही. सगळ्यांच्या पोटात औषध गेलेलं त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, मग पुन्हा कशासाठी जायचं, एवढाच त्याचा सरळ विचार.

आठ दिवस कोकरं बरी दिसली. हगवण थांबली, दोघाचौघांनी उड्याही मारल्या. भिकनने पुष्पाबाईच्या पायाला हात लावला. ती म्हणाली, "माझं काय आहे त्यात." सारिकाने भुरीच्या गळ्यात लाल लोकरीचा गोंडा बांधला. वाडा होता तिथेच राहिला.

नवरात्र सुरू झालं आणि एका सकाळी भुरीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबताना दिसली. बोटाने दाबली तर खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. झुलाल म्हणाला, गळ्याला गाठ आली, डाग देऊ. त्याने सळईही तापत घातली. पुष्पाबाईने त्याच्या हातातून सळई काढून घेतली. तिने भुरीची पापणी उलटली. ती कागदासारखी पांढरी होती. मग तिने बाकीची पाहिली, आपली आणि भिकनची, सगळी बावीस. मी खांबावरून पाहत होते. प्रत्येक पापणीगणिक तिचा चेहरा उतरत गेला.

झुलाल तेवढ्यात दुचाकीवर दवाखान्यात गेला आणि मॅडमना घेऊन आला. त्या येईपर्यंत भुरी सारिकाच्या मांडीवर गेली होती. शेवटी तिला पाणी पाजायला मलाच काढलं होतं. तिने तोंड उघडलं नाही. पाणी माझ्या कडेवरून सारिकाच्या परकरावर सांडलं.

मॅडमनी बाभळीखाली भुरीचं पोट उघडून दाखवलं. पुष्पाबाई मागे हटली नाही, तिला पाहायचंच होतं. आतड्यात ते केसासारखे जंत वळवळत होते, इतके, की झुलालने तोंड फिरवलं.

"मी पाजलं होतं, मॅडम," पुष्पाबाई म्हणाली. "माझ्या हाताने पाजलं होतं."

"किती पाजलं?"

तिने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. पाण्याचंही सांगितलं.  बुटाला लागलेला चिखल काडीने काढत मॅडम म्हणाल्या, "अक्का, तुमचं मन चांगलं होतं. पण दहांचं औषध बावीसांत गेलं आणि एकालाही पुरलं नाही. अर्धं औषध मिळालं की कच्चे जंत तेवढे मरतात. जे चिवट असतात ते उरतात, आणि पुढे त्यांचीच वीण वाढते. उद्या पूर्ण औषध दिलं तरी यातले काही त्याला दाद देणार नाहीत. मला आता दुसरं औषध शोधावं लागेल."

"म्हणजे दहाच पाजली असती तर दहा जगली असती?"

मॅडमना खोटं बोलता आलं नाही. "बहुतेक जगली असती. आणि भिकनचीही, सोमवारी."

भिकन तिथेच उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते त्याच्या कोकरांसाठी नव्हतं, अक्कासाठी होतं. नवरात्र संपेपर्यंत नऊ कोकरं गेली. उरलेल्यांना मॅडमनी दुसरं औषध दिलं, एकेकाचं वजन करून, पिचकारीने. वाडा त्याच आठवड्यात वरच्या माळावर गेला. मला कोणी खांबावरून काढलं नाही. सारिकाने सामान बांधताना काढलं आणि पोत्यात टाकलं.

लग्न ठरल्या दिवशी झालं. मांडव पडला, वऱ्हाड आलं, हळद लागली. पाठवणीच्या आधी भिकन मांडवात आला तो एक मादी कोकरू उचलून. त्याच्या कळपात उरलेलं सर्वांत चांगलं होतं ते. म्हणाला, "अक्का, हे तुमच्या वाटणीचं औषध पिऊन जगलं. सारिकाला द्या. नाही म्हणू नका." आजूबाजूच्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. सारिकाचा हातही पुढे झाला.

पुष्पाबाईने कोकराला मांडीत घेतलं आणि आधी त्याची पापणी उलटली. पुरती पांढरी नव्हती, पण लालही नव्हती. फिकट गुलाबी होती. कोणाला काही कळायच्या आत ती आचाऱ्याकडे गेली, त्याचा धान्य मोजायचा काटा मागून आणला आणि अंगावरच्या नव्या लुगड्यानिशी खाली बसून कोकराला काट्यावर उभं केलं. वऱ्हाडी हसले. एक म्हातारी म्हणाली, "लगीन कोनं शे बाई, पोरनं का मेंढीनं?" पुष्पाबाई हसली नाही. तिने वजन दोनदा वाचून घेतलं. पोत्यातून पिचकारी काढली. पिचकारी काढताना मीही तिच्या हाताला लागले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला तिथेच ठेवलं. मॅडमनी दिलेल्या नव्या बाटलीतून तिने रेघेपर्यंत औषध भरलं आणि ते सगळं कोकराला पाजलं, शेवटच्या थेंबापर्यंत.

मग कोकरू भिकनच्या हातात परत दिलं. "आजार अंगात असलेलं जनावर मी पोरीच्या सासरच्या कळपात सोडणार नाही. पंधरा दिवसांनी लेंडी तपासून घे. जंत गेले असतील तर तूच पहूरला नेऊन दे."

"आणि आज?" सारिकाने विचारलं.

पुष्पाबाईने लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. "आज नाही पोरी. मीच चुकले. माझ्या मायचं होतं ते मी पाण्यात घातलं."

तिच्या मायच्या वाणाचं कोकरू पुन्हा कधी होणार नाही, हे तिथे दोघींनाच ठाऊक होतं, आणि मला. सारिकाने मान हलवली आणि गाडीत बसली.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू शेवटी तुमच्याकडे एकच मागणं मागतात, आम्हाला अडगळीत टाकू नका, आमची आठवण ठेवा. मी तसं मागत नाही. मला पोत्यात ठेवलं ते योग्य केलं. तुमच्या गावात अशी एखादी नळी कोणाच्या हातात दिसली तर त्यात दूध पाजा, ताक पाजा, हवं तर बासरी समजून फुंका. पण औषध दहांचं असेल तर दहांनाच पाजा, उरलेल्यांसाठी नाल्याला पाणी असलं तरी जा, आणि जाऊन आणा. भाकरी वाटून खा, औषध वाटू नका. हे मी त्या शनिवारी खांबावरून सांगू शकले नाही. सांगितलं असतं, तर सारिका त्या दिवशी रिकाम्या हाताने गाडीत बसली नसती.